ट्रॅम्पोलीन पार्कमध्ये सहकुटुंब पहिला दिवस: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शन

ठाणे आणि नवी मुंबईत मुलांनी मनसोक्त उड्या माराव्यात अशी मैदाने मोजकीच उरली आहेत, आणि जी आहेत त्यांवर जून ते सप्टेंबर चिखल आणि एप्रिल-मे महिन्यांत रणरणते ऊन असते. त्यामुळे बंदिस्त, वातानुकूलित ट्रॅम्पोलीन पार्ककडे अनेक कुटुंबांची पावले वळू लागली आहेत, हे स्वाभाविकच आहे. तासाभरात मुले घामाघूम होतात, मोबाईल विसरतात आणि आईवडिलांनाही कित्येक वर्षांनी उड्या मारायला मिळतात. मात्र ज्यांची ओळख आजवर बागेतल्या घसरगुंडी-झोपाळ्यापुरतीच होती, त्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. ट्रॅम्पोलीन हे एकट्याने वापरायचे साधन आहे. कुटुंबाने एकत्र जावे, शेजारी शेजारी खेळावे, पण एका जाळीवर एका वेळी एकच माणूस असावा. पुढील बहुतेक सूचना याच नियमाला धरून आहेत, कारण सहकुटुंब गेलेल्या माणसांकडून नेमका हाच नियम मोडला जातो, आणि तोही मायेपोटी.

एका जाळीवर एकच माणूस का?

ट्रॅम्पोलीन म्हणजे पोलादी चौकटीत चारही बाजूंनी स्प्रिंगांनी ताणून बसवलेले भक्कम विणीचे कापड. आपल्याकडे त्याला सर्रास जाळीच म्हणतात. 1930 च्या दशकात अमेरिकेतील आयोवा राज्यात जिम्नॅस्ट जॉर्ज निसेन आणि त्यांचे प्रशिक्षक लॅरी ग्रिसवोल्ड यांनी त्याला आजचे रूप दिले, आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा अधिकृत क्रीडाप्रकार झाला. त्या स्पर्धेत जगातले सर्वांत कसलेले खेळाडू उतरतात, तरीही जाळीवर एका वेळी एकच खेळाडू असतो.

समजा, 75 किलो वजनाचे बाबा आणि 15 किलो वजनाची चार वर्षांची मुलगी हात धरून एकाच जाळीवर उड्या मारत आहेत. बाबांचे पाय टेकतात तेव्हा जाळी खोल खाली जाते आणि पुढच्याच क्षणी जोराने वर येते. नेमक्या त्याच क्षणी मुलीचे पाय खाली येत असतील, तर मऊ जाळीऐवजी वर उसळणारा टणक पृष्ठभाग तिच्या पायांवर आदळतो. मुलगी पडलेली नसते, कोणाला धडकलेली नसते. ती फक्त खाली बसते, रडू लागते आणि उभी राहायला नकार देते. गुडघ्याच्या किंचित खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी हाड पिचलेले असते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत ही दुखापत इतकी ओळखीची आहे की अस्थिरोगतज्ज्ञ तिला 'ट्रॅम्पोलीन फ्रॅक्चर' असेच म्हणतात. थोडी मोठी मुले असतील तर जाळीच्या उसळीने ती स्वतःला सावरता येणार नाही इतक्या उंच फेकली जातात आणि वेडीवाकडी पडतात.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार, ट्रॅम्पोलीनवरील सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एका जाळीवर एकापेक्षा जास्त जण असताना होतात, आणि अशा वेळी सर्वांत लहानग्याला दुखापत होण्याचा धोका जड सोबत्याच्या तुलनेत 14 पटींपर्यंत असतो. ही आकडेवारी मुख्यतः घरगुती ट्रॅम्पोलीनची आहे, पण जाळी आणि वजन यांचा हिशेब पार्कमध्ये बदलत नाही. म्हणून मुलाला कडेवर घेऊन उडी मारणे, त्याला "उंच उडवतो" म्हणून शेजारी जोर देणे आणि भावंडांनी हात धरून उसळणे या तीन गोष्टी करायच्या नाहीत, हे घरीच सांगून ठेवावे.

कोणी खेळावे, कोणी बाहेर बसावे

अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना सहा वर्षांखालील मुलांसाठी ट्रॅम्पोलीनची शिफारसच करत नाही. आपल्याकडे मात्र पार्कमध्ये त्याहून लहान मुलांनाही प्रवेश मिळतो, त्यामुळे निर्णय पालकांवर येतो. माझे मत स्पष्ट आहे: सहा वर्षांखालील मुलाने कितीही हट्ट केला तरी त्याला मोठ्यांच्या मुख्य विभागात नेऊ नये. पुष्कळ ठिकाणी लहानग्यांसाठी चेंडूंचा हौद, मऊ घसरगुंड्या आणि चढण्याचे ठोकळे असलेला वेगळा विभाग असतो. तो असेल असेच पार्क निवडावे आणि धाकट्यासाठी तेवढेच तिकीट घ्यावे.

गरोदर महिला, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास असलेल्या व्यक्ती, अलीकडे शस्त्रक्रिया झालेले, मणक्याची गादी सरकलेले आणि गुडघ्याचा लिगामेंट दुखावलेले यांनी जाळीवर जाऊ नये. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जावे आणि इन्हेलर लॉकरमध्ये न ठेवता बाहेर बसलेल्या माणसाजवळ द्यावा. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. अशा मुलांना डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय उड्या मारू देऊ नयेत.

एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही, पण ती सांगणे आवश्यक आहे. बाळंतपणानंतर अनेक महिलांना उडी मारताना थोडी लघवी निसटण्याचा त्रास होतो. तो सर्रास आढळतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने तो बऱ्याच जणींमध्ये कमी होतो. जाळीवर जाण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन यावे, गडद रंगाची पँट घालावी, पॅड वापरावा आणि सुरुवातीला लहान उड्याच माराव्यात. त्रास जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आजी-आजोबा सोबत येणार असतील तर त्यांना बसायला पाठ टेकण्याजोग्या खुर्च्या आहेत का, आणि न खेळणाऱ्यांकडून वेगळे शुल्क घेतात का, हे आधीच विचारून घ्यावे. संगीताचा आवाज फार मोठा असतो. ज्येष्ठांना तो तास-दीड तास सोसवेलच असे नाही.

पार्क निवडताना काय पाहावे

ऑनलाइन छायाचित्रे आणि सवलती पाहून निर्णय घेऊ नये. फोन करून विचारावे. मुख्य विभागात एका वेळी किती जणांना सोडतात, लहान-मोठ्यांसाठी वेगळे विभाग किंवा वेगळ्या वेळा आहेत का, आणि जाळ्यांजवळ उभे राहून लक्ष ठेवणारे कर्मचारी, ज्यांना तिथे मार्शल म्हणतात, किती असतात, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. "कितीही जण या, काही अडचण नाही" असे उत्तर मिळाले तर ते पार्क सोडून द्यावे.

प्रत्यक्ष गेल्यावर मुलांना आत सोडण्यापूर्वी पाच मिनिटे काढून जागा नजरेखालून घालावी. दोन जाळ्यांमधल्या पट्ट्यांवरील गाद्या घट्ट बांधलेल्या असाव्यात. गादी सरकून स्प्रिंग उघडी पडली असेल तर तिच्यात पाऊल अडकते. जाळीची वीण उसवलेली नसावी. फोम पिट, म्हणजे स्पंजच्या ठोकळ्यांनी भरलेला खड्डा, काठोकाठ भरलेला असावा. ठोकळे दबून, फाटून खाली बसले असतील तर उडी मारणारा थेट तळाशी आदळू शकतो.

आगीचा मुद्दा इथे गंभीरपणे घ्यायला हवा. 25 मे 2024 रोजी गुजरातमधील राजकोट येथे एका बंदिस्त गेम झोनला आग लागून मुलांसह किमान 27 जणांचा मृत्यू झाला. ट्रॅम्पोलीन पार्कमध्ये फोम, रेक्झिन आणि प्लास्टिक मोठ्या प्रमाणात असते, आणि ते पेटले तर काही क्षणांत दाट, विषारी धूर होतो. त्यामुळे बाहेर पडण्याचे किमान दोन मार्ग कुठे आहेत हे स्वतः चालत जाऊन पाहावे, ते कुलूपबंद किंवा खोक्यांनी अडवलेले नाहीत याची खात्री करावी आणि मुलांनाही ते दाखवून ठेवावेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करणे अपेक्षित असते. व्यवस्थापकाला त्याविषयी नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही.

दिवस, वेळ आणि प्रवास

पहिल्या भेटीसाठी शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळावी. वाढदिवसाच्या पार्ट्या तेव्हाच असतात, जाळ्या भरून जातात आणि एका जाळीवर एकच माणूस हा नियम पाळणे कर्मचाऱ्यांनाही जड जाते. सुट्टीतल्या एखाद्या कामाच्या दिवशी सकाळचा पहिला स्लॉट सर्वांत चांगला. तो जमत नसेल तर रविवारी पार्क उघडताच जावे. तिकीट सहसा तासाच्या हिशेबाने असते. दाखवलेल्या दरात जीएसटी आणि मोजे धरले आहेत का, हे पैसे भरण्याआधी पाहावे. चौघांच्या कुटुंबाचा खर्च तिथेच अनपेक्षितपणे वाढतो. पहिल्या वेळी एका तासापेक्षा जास्त वेळ घेऊ नये.

ठाण्याहून नवी मुंबईत जायचे असेल तर ट्रान्स हार्बर मार्गाची लोकल सोयीची पडते. वाशीची गाडी ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेमार्गे जाते, तर पनवेलची गाडी नेरुळ आणि सीवूड्स-दारावेलाही थांबते. रविवारी निघणाऱ्यांनी मेगाब्लॉकचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे. घोडबंदर रस्त्याच्या बाजूचे पार्क निवडले असेल तर वाहतूककोंडी गृहीत धरून घरून अर्धा तास आधी निघावे, कारण उशीर झाला तरी बहुतेक ठिकाणी स्लॉट ठरलेल्या वेळेलाच संपतो.

घरून निघण्यापूर्वी

मुलांना अंगासरशी बसणारी पण ताणली जाणारी पँट आणि सुती टी-शर्ट घालावा. ओढणी, लांब नाडी, मेटलची चेन, मोठी बटणे आणि खिशातली पेन हे सर्व घरीच राहू द्यावे. आईने सलवार-कमीजऐवजी ट्रॅक पँट घातल्यास पाय मोकळे राहतात. नखे कापावीत, लांब केसांची वेणी घालून ती वर बांधावी आणि चष्मा असेल तर त्याला मागून पट्टा लावावा.

दागिन्यांबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. मंगळसूत्र, बांगड्या, कानातले, मुलांच्या हातातले कडे आणि पायातले वाळे काढूनच जाळीवर जायचे. लहान मुलांच्या घोट्याला बांधलेला काळा दोरा आपल्या लक्षातही येत नाही, पण तो जाळीच्या विणीत किंवा गादीच्या शिवणीत अडकला तर पाय तिथेच राहतो आणि शरीर पुढे जाते. तो तात्पुरता सोडवून ठेवावा, नाहीतर मोज्याच्या आत नीट दडपून टाकावा. राखीपौर्णिमेच्या सुमारास मुलांच्या मनगटांवर टपोऱ्या मण्यांच्या राख्या असतात. त्यांचेही तेच करावे. मौल्यवान दागिने लॉकरमध्ये ठेवण्यापेक्षा घरी ठेवून येणे केव्हाही चांगले.

निघण्याच्या दीड-दोन तास आधी पोहे, उपमा किंवा केळे असे हलके खावे. ठाण्याला आलोच आहोत तर आधी मामलेदारची मिसळ खाऊन जाऊ, असा बेत पुष्कळ जण करतात. पण तिखट तर्री पोटात घेऊन उड्या मारणे म्हणजे मळमळीला आमंत्रण. मिसळ परतीच्या वाटेवर खावी, तेव्हा भूकही कडकडून लागलेली असते. पाण्याच्या बाटलीसोबत लिंबू, मीठ आणि साखर घातलेले सरबत न्यावे, कारण वातानुकूलित जागेतही घाम भरपूर येतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नसतील तरी पाण्याविषयी विचारून पाहावे. एक कोरडा टी-शर्ट आणि टॉवेल प्रत्येकासाठी असावा, विशेषतः पावसाळ्यात, नाहीतर घामेजलेली मुले थंड हवेतून लोकलमध्ये शिरतात आणि दुसऱ्या दिवशी शिंकू लागतात.

काउंटरवर

स्लॉटच्या किमान अर्धा तास आधी पोहोचावे. तिथे जबाबदारीविषयीचा एक फॉर्म भरून घेतात. अठरा वर्षांखालील मुलाच्या फॉर्मवर पालकाची सही लागते. भाचेकंपनी किंवा शेजारची मुले सोबत असतील तर त्यांच्या आईवडिलांनी फॉर्म स्वतः वाचून भरावा, शक्यतो आदल्या दिवशी ऑनलाइन. दुसऱ्याच्या मुलासाठी आपण घाईघाईने सही करणे योग्य नाही. सही केली म्हणून पार्कच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही. आपण पैसे देऊन सेवा घेत असतो आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आपल्याला लागू होतो. तरीही फॉर्म नीट वाचावा, कारण वय, वजन आणि आजार यांविषयीच्या अटी त्यातच लिहिलेल्या असतात.

यानंतर ग्रिपचे मोजे मिळतात. त्यांच्या तळव्याला रबरासारखे ठिपके असतात. टाच मोज्याच्या टाचेत नीट बसली आणि ठिपके तळव्याखाली आले तरच पकड राहते. मुलांचे मोजे हमखास फिरतात, म्हणून ते स्वतः तपासावेत. घरचे साधे सुती मोजे घालून जाळीवर जाऊ नये. मनगटावर रंगीत पट्टी बांधतात, तिच्या रंगावरून कोणाचा वेळ संपला हे कर्मचाऱ्यांना कळते. मोबाईल, पाकीट आणि किल्ल्या लॉकरमध्ये ठेवाव्यात. उड्या मारत चित्रीकरण अजिबात करू नये. चित्रीकरण हवेच असेल तर बाहेर बसलेल्या आजोबांच्या हाती मोबाईल द्यावा. सुरक्षेचा व्हिडिओ दाखवतात तो मुलांसोबत उभे राहून पूर्ण पाहावा. आईबाबा लक्ष देत आहेत हे दिसले की मुलेही देतात.

जाळीवरचा पहिला तास

आधी पाच-सात मिनिटे जमिनीवरच घोटे, गुडघे, कंबर आणि खांदे मोकळे करावेत. मग जाळीच्या मधोमध उभे राहून, पाय खांद्यांइतके फाकवून, पावले जाळीवरून जेमतेम उचलली जातील इतक्याच लहान उड्या माराव्यात. नजर समोर ठेवावी, पायांकडे पाहू नये. दोन्ही पाय एकाच वेळी टेकले पाहिजेत आणि टेकताना गुडघे किंचित वाकलेले असावेत. ताठ गुडघ्याने टेकले की सगळा हिसका सांध्यावर येतो.

उंच जाण्याआधी थांबायला शिकावे, आणि ते मुलांकडून पुन्हा पुन्हा करून घ्यावे. पाय टेकताक्षणी गुडघे खोल वाकवून कंबर खाली घ्यायची, हात पुढे धरायचे, की जाळीची उसळी पायांतच जिरते आणि शरीर जागच्या जागी स्थिर होते. "थांब" म्हटल्याबरोबर मूल थांबू शकले, की मग त्याला उंच उडी मारू द्यावी. तोल गेलाच तर हात मागे टेकवून पडू नये, कारण मनगट आणि कोपर त्याच वेळी मोडतात. हात छातीशी घेऊन बैठकीवर पडावे.

कोलांटउडी कोणीही मारू नये, मग यूट्यूबवर ती कितीही सोपी दिसो. ती प्रशिक्षकाच्या हाताखाली, सुरक्षापट्टा बांधून शिकायची गोष्ट आहे. मानेवर पडल्यास आयुष्यभराचे अपंगत्व येऊ शकते. फोम पिटमध्येही सूर मारू नये. पाय पुढे घेऊन किंवा बैठकीवर पडावे, आणि आधीचा माणूस पूर्ण बाहेर आल्याशिवाय उडी घेऊ नये. डॉजबॉलच्या विभागात मोठी मुले जोराने चेंडू मारतात, तिथे दहा वर्षांखालच्यांना पहिल्या दिवशी नेऊ नये.

चौघांच्या कुटुंबाने तास असा वाटून घ्यावा. पहिला अर्धा तास आईने मोठ्या मुलासोबत लगतच्या दोन जाळ्यांवर खेळावे आणि बाबांनी धाकट्यासोबत लहानग्यांच्या विभागात थांबावे. नंतर अदलाबदल करावी. एक मोठा माणूस सतत लहानग्याकडे लक्ष देऊन असतो आणि मोठ्याला दोन्ही पालकांसोबत खेळायला मिळते. शेजारच्या जाळ्यांवर एकाच ठेक्यात उड्या मारणे, आकडे मोजणे, हवेत टाळी वाजवणे, टाळीनंतर जागेवर थांबून दाखवणे असे खेळ मुलांना फार आवडतात, आणि त्यात कोणाचे वजन कोणावर येत नाही. दर पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन दोन घोट पाणी प्यावे. शेवटच्या दहा मिनिटांत पैसे वसूल करण्याच्या घाईने मुले बेभान होतात. पाय थकलेले असतात आणि तोल तेव्हाच जातो. त्या वेळी त्यांना उंच उड्यांवरून पुन्हा लहान उड्यांवर आणावे.

दुखापत झाल्यास

मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्या व्यक्तीला कोणीही उचलू नये. आजूबाजूच्या जाळ्यांवरील उड्या थांबवायला सांगावे, डोके-मान स्थिर ठेवावी आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागल्यानंतर उलटी, गुंगी, गोंधळलेले बोलणे किंवा तीव्र डोकेदुखी असेल तर मूल नंतर शांत झाले तरी रुग्णालयातच न्यावे.

घोटा मुरगळला तर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावा आणि पाय उंचावर ठेवावा. तेल लावून चोळणे किंवा थेट हाडवैद्याकडे नेणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे, पण एक्स-रे होण्याआधी ते करू नये. हाड पिचलेले असल्यास चोळण्याने ते सरकते. पार्कच्या नोंदवहीत घटनेची लेखी नोंद करून घ्यावी, जागेचे छायाचित्र काढावे आणि तिकीट, फॉर्म, वैद्यकीय बिले जपून ठेवावीत. उघड निष्काळजीपणा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोठ्यांच्या पोटऱ्या आणि मांड्या भरून येतात. सवय नसलेल्या स्नायूंचे हे दुखणे दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते. गरम पाण्याने अंघोळ आणि थोडे चालणे पुरते. लहान मुलाबाबत मात्र वेगळा विचार करावा. ते सकाळी उठून लंगडत असेल, एका पायावर भार द्यायला तयार नसेल किंवा गुडघ्याखाली हात लावू देत नसेल, तर सूज दिसत नसली तरी त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे. मूल ट्रॅम्पोलीनवर होते आणि त्या वेळी जाळीवर दुसरे कोणी जड होते का, हे त्यांना न विचारताच सांगावे, कारण हे बारीक फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेमध्ये निसटू शकते आणि नेमके कुठे पाहायचे हे डॉक्टरांना त्या माहितीवरूनच कळते.